बर्फाचा खण : मासेमारी नौकेचे दुर्लक्षित भांडवल

महाराष्ट्राच्या सागरकिनाऱ्यावर, उत्तरेस सातपाटीपासून दक्षिणेस वेंगुर्ल्यापर्यंत, कोणत्याही मासळी बंदरावर पहाटे गेले असता एक दृश्य हमखास दिसते. नौका धक्क्याला किंवा किनाऱ्याला लागतात, टोपल्या उतरू लागतात आणि लिलाव सुरू होतो. शेजारशेजारच्या दोन नौकांनी एकाच पट्ट्यात जाळी टाकलेली असतात, मासळीही एकाच जातीची असते, तरीही एकीच्या पापलेटला चढा भाव मिळतो आणि दुसरीच्या पापलेटकडे व्यापारी कल्ले उचलून पाहतात व पुढे सरकतात. हा फरक समुद्राने केलेला नसतो. जाळ्यातून वर आल्यापासून धक्क्यावर उतरेपर्यंत ती मासळी नौकेच्या पोटातील ज्या बर्फाच्या खणात राहिली, त्या खणाने तो केलेला असतो.

स्वातंत्र्योत्तर काळात मासेमारीचे यांत्रिकीकरण झाले. त्यापूर्वी शिडाची नौका सामान्यतः किनाऱ्याजवळच मासेमारी करून परत येई. जी मासळी ताजी खपत नसे ती खारवली किंवा वाळवली जाई. इंजिन आल्यावर नौका दूरवर जाऊ लागल्या आणि एकेक फेरी अनेक दिवसांची होऊ लागली. साहजिकच पहिल्या दिवशी पकडलेली मासळी शेवटच्या दिवसापर्यंत राखण्याची जबाबदारी बर्फावर येऊन पडली. मात्र नौकेचा विचार करताना इंजिनाची शक्ती, नौकेची लांबी व जाळ्यांची किंमत यांची चौकशी जितक्या बारकाईने होते, तितकी बर्फाच्या खणाची होत नाही. या खणाचे शास्त्र काय, तो कसा बांधावा, कसा वापरावा आणि त्याची परीक्षा कशी घ्यावी, याची माहिती किनारपट्टीवरील कार्यकर्त्यांना, शिक्षकांना व पंचायत सदस्यांना असावी, या हेतूने प्रस्तुत लेख लिहिला आहे.

मासळी का नासते?

जिवंत व निरोगी माशाचे मांस जंतुरहित असते. जंतू असतात ते त्याच्या कातडीवरील बुळबुळीत थरात, कल्ल्यांत आणि आतड्यांत. मासा मेल्यानंतर दोन क्रिया सुरू होतात. शरीरातील पाचक रस स्वतःच्याच मांसावर काम करू लागतात. त्याच वेळी हे जंतू आत शिरून झपाट्याने वाढू लागतात. दोन्ही क्रिया उष्णतेवर अवलंबून असतात. शून्य अंश सेल्सिअसला नासण्याचा जो वेग असतो, तो पाच अंशांवर सुमारे सव्वादोन पट आणि दहा अंशांवर सुमारे चौपट होतो. म्हणजे एखादी मासळी वितळत्या बर्फात बारा दिवस चांगली राहत असेल, तर दहा अंशांवर ती तीन दिवसच टिकेल. आणि आपल्याकडील तीस अंशांच्या हवेत उघड्यावर पडली तर काही तासांतच वाया जाईल. हातांना दहा अंश तापमानाची मासळीही गारच लागते. 'मासळी गार आहे' एवढ्यावर समाधान मानणे म्हणूनच धोक्याचे ठरते.

येथे प्रश्न केवळ चवीचा किंवा भावाचा नाही. बांगडा, कुपा यांसारख्या माशांच्या मांसात हिस्टिडीन नावाचे द्रव्य बरेच असते. अशी मासळी उष्ण हवेत राहिली की जंतू त्यापासून हिस्टामिन हा अपायकारक पदार्थ तयार करतात. तो खाण्यात आल्यास अंगावर लाली येणे, डोके दुखणे, उलट्या होणे असे विकार संभवतात. शिजवल्याने किंवा तळल्याने हिस्टामिन नष्ट होत नाही. नौकेवर झालेली हेळसांड स्वयंपाकघरात भरून निघत नाही, हे यावरून ध्यानात यावे.

बर्फ काम कसे करतो?

बर्फाचे सामर्थ्य त्याच्या वितळण्यात आहे. एक किलो बर्फाचे शून्य अंशावरील पाणी होताना तो सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. ही उष्णता त्याला भोवतालच्या पदार्थाकडून मिळते आणि तो पदार्थ थंड होतो. दुसरी सोय अशी की, बर्फ वितळत असेपर्यंत त्याचे तापमान शून्य अंशावरच स्थिर राहते. मासा गोठू लागतो तो शून्याच्या खाली एक ते दोन अंशांवर. म्हणून बर्फातला मासा गोठत नाही, सुकतही नाही, आणि वितळलेल्या पाण्याने त्याच्यावरील रक्त, बुळबुळ व जंतू धुऊन जातात.

आता थोडा हिशेब पाहू. १०० किलो मासळी ३० अंशांवरून शून्यावर आणावयाची आहे. एक किलो मासळी एक अंशाने थंड करण्यास सुमारे ०.८ किलोकॅलरी उष्णता काढावी लागते. म्हणजे एकूण २,४०० किलोकॅलरी उष्णता काढावी लागेल आणि त्यासाठी बर्फ लागेल ३० किलो. व्यवहारात मात्र उष्ण प्रदेशात मासळीच्या वजनाइतकाच बर्फ न्यावा, असे सांगितले जाते. मग उरलेला ७० किलो बर्फ जातो कोठे? तो खणाच्या भिंतींमधून, झाकणामधून आणि इंजिनाच्या बाजूने आत येणाऱ्या उष्णतेशी झुंजण्यात खर्च होतो, आणि मासळी थंड झाल्यावर पुढील दिवसांत तिला त्याच स्थितीत राखण्यात खर्च होतो.

बर्फ वितळणे हा स्वतःच काही तोटा नव्हे. वितळण्यासाठीच तो नेलेला असतो. तो मासळीला लागून वितळला तर सत्कारणी लागला आणि भिंतीला लागून वितळला तर वाया गेला. चांगला खण म्हणजे ज्यात बर्फ मासळीसाठी अधिक आणि भिंतींसाठी कमी वितळतो, तो खण.

भिंतीची जाडी आणि बर्फाचा खर्च

बर्फ टिकविण्याची विद्या नवी नाही. १८३३ साली अमेरिकेतील बोस्टन बंदरातून तलावांचा नैसर्गिक बर्फ 'टस्कनी' या जहाजाच्या पोटात भरून कलकत्त्यास आणण्यात आला. चार महिन्यांच्या त्या प्रवासात जहाजाने दोनदा विषुववृत्त ओलांडले, तरीही १८० टनांपैकी सुमारे १०० टन बर्फ शिल्लक राहिला होता. याच दशकात मुंबईतही असा बर्फ येऊ लागला आणि पुढे त्यासाठी खास गोदामही उभे राहिले. त्या व्यापाऱ्यांजवळ कोणतेही यंत्र नव्हते. लाकडाच्या भुशासारखा उष्णतेला अडविणारा कोरडा पदार्थ, दाट रचलेला बर्फ आणि बंद खण एवढ्याच साधनांवर त्यांनी भिस्त ठेवली होती. आजच्या नौकेतील खणाचे तत्त्वही तेच आहे. फक्त भुशाची जागा थर्मोकोल व पॉलियुरेथेन फोम यांनी घेतली आहे. या फोमला बाजारात 'पफ' म्हणतात. अगदी बारीक, बंद कोशांत कोंडलेल्या वायूमुळे त्यातून उष्णता फार सावकाश जाते.

समजा, एका नौकेतील खण आतून दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद व १.२ मीटर खोल आहे. त्याच्या सहाही बाजूंचे क्षेत्रफळ १४.४ चौरस मीटर भरते. बाहेर ३० अंश तापमान धरून व चांगल्या, कोरड्या पफचे आवरण धरून हिशेब केला, तर बर्फाचा केवळ भिंतींपायी होणारा खर्च पुढीलप्रमाणे येतो :

आवरण १० सेंटीमीटर जाड असल्यास रोज सुमारे २८ किलो. पाच दिवसांच्या फेरीत सुमारे १४० किलो.

आवरण ५ सेंटीमीटर जाड असल्यास रोज सुमारे ५७ किलो. पाच दिवसांत सुमारे २८५ किलो.

आवरण २.५ सेंटीमीटर जाड असल्यास रोज सुमारे ११४ किलो. पाच दिवसांत सुमारे ५७० किलो.

जाडी निम्मी केली की नुकसान दुप्पट होते, हा साधा नियम यातून दिसतो. पहिल्या व तिसऱ्या खणांमधील फरक एका फेरीत सव्वाचारशे किलोंहून अधिक बर्फाचा आहे. तेवढ्या बर्फात, वर सांगितलेल्या प्रमाणाने, १,४०० किलो मासळी तीस अंशांवरून शून्यावर आली असती. जाड आवरणाने खणातील जागा थोडी कमी होते, ही तक्रार खरी आहे. परंतु पातळ भिंतीच्या खणात जादा बर्फ भरण्यासाठी त्याहून अधिक जागा द्यावी लागते आणि त्या बर्फाचे वजन वाहण्यासाठी डिझेलही जळते.

खण बांधताना घ्यावयाची काळजी

पहिली व सर्वांत महत्त्वाची काळजी ओलाव्यासंबंधी आहे. पाण्यातून उष्णता पफच्या वीसपटींहून अधिक वेगाने जाते. आतील अस्तराला चीर पडून आवरणात पाणी शिरले की, बाहेरून खण जसाच्या तसा दिसतो, पण त्याची शक्ती गेलेली असते. शिवाय लाकडी नौकेत हे कोंडलेले पाणी फळ्या कुजवते. म्हणून आतील बाजूस फायबरग्लासचे सलग, सांधेरहित अस्तर असावे. कोपरे गोलाकार असावेत, म्हणजे ते धुण्यास सोपे जातात व तडकत नाहीत. अस्तरात खिळा किंवा हूक ठोकण्याचा मोह कटाक्षाने टाळावा.

दुसरी गोष्ट साहित्याविषयी. थर्मोकोल स्वस्त असल्याने पुष्कळदा तो वापरला जातो. परंतु फायबरग्लासच्या कामात सर्रास वापरली जाणारी पॉलिएस्टर राळ थर्मोकोलवर थेट लावली तर तो विरघळून जातो. अनुभव नसलेल्या कारागिराच्या हातून असे झाले तर अस्तराच्या मागे पोकळी राहते आणि मालकाला ती वर्षानुवर्षे कळत नाही. अशा ठिकाणी पफच्या लाद्या वापराव्यात किंवा थर्मोकोलवर राळेला अडविणारा योग्य थर आधी द्यावा. पफ जळताना विषारी धूर होतो. त्यामुळे खणाजवळ वेल्डिंगचे काम करताना विशेष सावध राहावे.

तिसरी गोष्ट म्हणजे सर्व बाजूंना सारखीच उष्णता लागत नाही. इंजिनाच्या खोलीकडील भिंत बाहेरच्या हवेपेक्षा पुष्कळ तापते, आणि वरची फळी उन्हात इतकी तापते की अनवाणी पायाला चटका बसावा. या दोन बाजूंना आवरण अधिक जाड असावे. वरच्या भागाला पांढरा रंग द्यावा व दुपारी त्यावर ताडपत्रीची सावली करावी. खर्च थोडा आहे, उपयोग मोठा आहे.

चौथी गोष्ट तोंडाची. खणाचे तोंड वरच्या बाजूस व आवश्यक तेवढेच मोठे असावे. थंड हवा जड असल्यामुळे वरून उघडणाऱ्या खणात ती तळाशी बसून राहते. बाजूच्या दारातून मात्र ती पाण्यासारखी वाहून जाते. झाकणातही भिंतीइतकेच आवरण असावे आणि कडेला रबराची पट्टी घट्ट बसलेली असावी. पुष्कळ नौकांवर भिंती चांगल्या असतात, पण झाकण म्हणून नुसती फळी ठेवलेली आढळते. अशा वेळी भिंतींवर केलेला खर्च झाकणावाटे निसटतो.

पाचवी गोष्ट निचऱ्याची. वितळलेले पाणी मासळीवरून वाहत गेले पाहिजे, पण तळाशी साचता कामा नये. नाहीतर खालच्या थरातील मासळी रक्तमिश्रित पाण्यात भिजत राहते. यासाठी तळाला उतार द्यावा, तळावर जाळीदार फळ्या घालाव्यात आणि पाणी वेगळ्या डबक्यात उतरवून पंपाने बाहेर काढावे. निचऱ्याच्या नळीला पाण्याचा बाक ठेवावा, म्हणजे बाहेरील उष्ण हवा व नौकेच्या तळातील तेलकट पाण्याची दुर्गंधी नळीवाटे आत येणार नाही.

बर्फ भरण्याची व मासळी रचण्याची रीत

उत्तम खणही चुकीच्या वापराने निकामी ठरतो. उन्हात तापलेल्या खणात आयत्या वेळी बर्फ टाकला तर पहिल्या लाद्या भिंती थंड करण्यातच संपतात. नौका सुटण्याच्या आदल्या संध्याकाळी खण धुऊन, त्यात थोडा बर्फ टाकून, झाकण बंद करून ठेवावे. बर्फ शक्यतो लादीच्या रूपात न्यावा व लागेल तसा फोडावा. लादी टिकते जास्त, परंतु मासळीला ती थोड्याच जागी टेकते. बारीक फोडलेला बर्फ माशाला सर्व बाजूंनी बिलगतो व त्याला लवकर थंड करतो. टोकदार, मोठ्या खड्यांनी मासळीचे अंग खरचटते, म्हणून फोडणे बारीक असावे.

मासळी जाळ्यातून आल्यावर ती उन्हात पडू देऊ नये. स्वच्छ समुद्रपाण्याने धुऊन, जातवार वेगळी करून, ताबडतोब खणात घालावी. मोठ्या माशांची आतडी काढून पोटात बर्फ भरावा. मासा जाड असला की त्याच्या गाभ्यापर्यंत थंडी पोचण्यास फार वेळ लागतो; जाडी दुप्पट झाली तर वेळ सुमारे चौपट लागतो. तळाशी बर्फाचा जाड थर, त्यावर मासळीचा पातळ थर, पुन्हा बर्फ, अशी रचना करावी. भिंतीलगत बर्फ असावा आणि सर्वांत वर पुन्हा बर्फाचे पांघरूण असावे. ढीग सुमारे अर्ध्या मीटरपेक्षा उंच झाला तर खालची मासळी चेंगरते व तिचे वजन घटते. म्हणून मध्ये फळ्यांचे कप्पे करावेत. तारली, बांगडा यांसारखी लहान मासळी मोठ्या प्रमाणात मिळाली तर ती बर्फ घातलेल्या स्वच्छ समुद्रपाण्यात बुडवून ठेवणे सोयीचे असते. ती लवकर थंड होते व दबत नाही.

खलाशांचे दूध, भाजी व पिण्याचे पाणी मासळीच्या खणात ठेवू नये. त्यात अस्वच्छता तर आहेच, शिवाय पाण्याच्या एका बाटलीसाठी दिवसातून अनेकदा झाकण उघडले जाते. त्यासाठी लहानशी स्वतंत्र पेटी असावी.

बर्फ कोणत्या पाण्याचा आहे, हेही पाहिले पाहिजे. खाद्यपदार्थाला स्पर्श करणारा बर्फ पिण्यायोग्य पाण्याचाच असावयास हवा. खाण्यायोग्य नसलेला बर्फ ओळखू यावा म्हणून त्यास निळा रंग देण्याचे बंधन महाराष्ट्रात २०१८ साली घालण्यात आले. त्याच वर्षी जुलैमध्ये गोव्यात मासळीवर फॉर्मेलिन वापरल्याच्या संशयावरून मोठी खळबळ उडाली आणि बाहेरून येणाऱ्या मासळीवर काही काळ बंदी घालावी लागली. मासळीवर रसायन वापरण्यास कोणतीच सबब चालणार नाही. पण जेथे बर्फ पुरेसा व शुद्ध असतो, तेथे अशा मोहाला आणि संशयालाही जागा कमी उरते, हे त्या प्रसंगातून शिकण्यासारखे आहे.

खणाची परीक्षा

खण चांगला की वाईट, हे ठरविण्यासाठी महागड्या उपकरणाची गरज नाही. पावसाळी मासेमारी बंदी १ जूनपासून सुरू होते व नौका किनाऱ्यावर ओढल्या जातात. त्या काळात पुढील परीक्षा घेता येईल. रिकामा खण स्वच्छ करून त्यात भरपूर बर्फ टाकावा व झाकण लावावे. पहिला एक दिवस भिंती थंड होण्यासाठी सोडून द्यावा. त्यानंतरच्या चोवीस तासांत निचऱ्याच्या नळीतून जितके पाणी येईल ते बादलीने मोजावे. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो बर्फ. वरच्या उदाहरणातील खणात, आवरण १० सेंटीमीटर असताना, सुमारे २८ लिटर पाणी यावे. पावसाळी हवा थोडी थंड असल्याने काहीसे कमीही येईल. त्याऐवजी ६० लिटर आले, तर आवरण ओले झाले आहे, झाकण नीट बसत नाही किंवा सांगितलेली जाडी प्रत्यक्षात भरलेलीच नाही, असे समजावे. खणाच्या बाहेरच्या बाजूस एखाद्याच ठिकाणी दव धरत असेल तर दोष बहुधा तेथेच असतो.

एक सूचना मात्र आवर्जून द्यावीशी वाटते. ज्या बंद खणात कुजलेली मासळी किंवा घाण पाणी बराच काळ साचले आहे, त्यात विषारी वायू जमतो. अशा खणात झाकण उघडून, हवा पूर्ण खेळती केल्याशिवाय कोणीही उतरू नये, आणि एकट्याने तर कधीच उतरू नये. आत कोणी कोसळला तर घाईने पाठोपाठ उतरणाऱ्याचाही जीव जातो.

प्रश्न केवळ बर्फाचा नाही

नौकेच्या फेरीचा हिशेब होतो तेव्हा डिझेल, बर्फ व शिधा यांचा खर्च एकूण उत्पन्नातून आधी वजा करण्याची व उरलेल्या रकमेची मालक व खलाशी यांच्यात वाटणी करण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. म्हणजे भिंतीपायी वाया गेलेल्या प्रत्येक लादीचा भार ज्याने खण बांधला नाही, ज्याला तो बदलताही येत नाही, अशा खलाशाच्या वाट्यावरही पडतो. तसेच बर्फ व डिझेल यांसाठी मासळी व्यापाऱ्याकडून उचल घेण्याची प्रथाही बऱ्याच बंदरांत आहे. ज्या नौकेतील मासळी आणखी एक दिवस टिकणार नाही, तिला समोर येईल तो भाव पत्करावा लागतो. ज्या नौकेचा खण भक्कम आहे तिला लिलावात थांबता येते, दुसऱ्या बंदरावर जाता येते, बाजार पडलेला असेल तर तो सावरण्याची वाट पाहता येते. मच्छीमाराच्या सौदाशक्तीचा मोठा भाग त्या खणाच्या भिंतींत असतो, असे म्हणावयास हरकत नाही. पुढे बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या विक्रेत्या भगिनीलाही याचाच लाभ होतो. कारण मासळी सकाळी जितकी ताजी तिच्या हाती येईल, तितकी सायंकाळची नासाडी कमी.

२०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत बर्फ कारखाने, शीतगृहे, उष्णतारोधक वाहने व बर्फपेटी बसविलेल्या दुचाकी यांचा समावेश करण्यात आला. किनाऱ्यापासून ग्राहकापर्यंतची शीतसाखळी अशा साधनांनी जोडली जाते. परंतु या साखळीची पहिली कडी समुद्रावर आहे. नौकेतच जी मासळी दहा अंशांवर राहिली तिचे गेलेले आयुष्य शीतगृह परत देऊ शकत नाही.

कोणी काय करावे?

नौकेसाठी कर्ज किंवा साहाय्य मंजूर करताना अधिकाऱ्यांनी इंजिनाबरोबर खणाचीही तपासणी करावी. आवरणाची जाडी, अस्तर, झाकण व निचरा एवढ्या चार बाबी पाहण्यास अर्धा तास पुरेसा आहे. बांधकाम चालू असताना, अस्तर चढविण्यापूर्वीच आवरण डोळ्यांनी पाहणे अधिक चांगले. नंतर ते दिसत नाही.

सहकारी संस्थांनी व पंचायतींनी बर्फ कारखान्याचे पाणी नियमित तपासून घ्यावे आणि बंदरावर बर्फ फोडण्याची जागा स्वच्छ व सावलीत राहील असे पाहावे. बंदीच्या काळात वर सांगितलेली पाणी मोजण्याची परीक्षा दोन-चार नौकांवर सर्वांसमक्ष घेतली, तर तिचा परिणाम व्याख्यानांपेक्षा अधिक होईल. तांडेल व खलाशी यांना आपल्या डोळ्यांनी बादल्या मोजता येतात. याविषयी तज्ज्ञ सल्ला हवा असल्यास कोची येथील १९५७ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य तंत्रज्ञान संस्था व वर्सोवा येथील १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था या दोन्ही संस्था याच क्षेत्रात कार्य करीत आहेत.

शिक्षकांना हा विषय वर्गात सहज आणता येईल. दोन सारखे डबे घ्यावेत. एक उघडाच ठेवावा व दुसरा थर्मोकोलच्या पेटीत ठेवावा. दोन्हींत एक-एक किलो बर्फ टाकून दर तासाला पाणी मोजावे व त्याचा आलेख काढावा. तिसरा डबा ओल्या गोणपाटात व चौथा कोरड्या भुशात ठेवला तर चर्चेला आणखी रंग येईल. वितळण्याची उष्णता, उष्णतेचे वहन, क्षेत्रफळ व सरासरी हे पाठ्यपुस्तकातील विषय कोळीवाड्यातील मुलांना त्यांच्या घरच्या नौकेशी जोडून दाखवता येतील. आणि ती मुले घरी जाऊन वडिलांना खणाच्या भिंतीची जाडी विचारतील.

२०२३ साली महाराष्ट्राने पापलेटला राज्यमाशाचा मान दिला. हा मान कागदावर राहू नये, असे वाटत असेल तर समुद्रातील त्याचा साठा जपला पाहिजे, आणि पकडलेला प्रत्येक मासा खाणाऱ्याच्या ताटापर्यंत चांगल्या स्थितीत पोचला पाहिजे. नासून फेकलेली टोपलीभर मासळी म्हणजे समुद्रातून उगीच काढलेली टोपलीभर मासळी होय. नवे इंजिन किंवा नवे जाळे घेण्यापूर्वी प्रत्येक नौकामालकाने आपल्या खणातून चोवीस तासांत किती बादल्या पाणी निघते ते एकदा मोजावे. त्यासाठी थोडा बर्फ व एक दिवस खर्च होईल. पण पुढील हंगामातील प्रत्येक फेरीत त्याची भरपाई झाल्याशिवाय राहणार नाही.